पुण्याहून येणारी गाडी

शाळेत लेखक बोलवायचा म्हटलं की गाडी पुण्याहूनच का निघावी, हे कोडं काही सुटत नाही. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन असो की 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, मावळातल्या शाळेला पाहुणा हवा असला की पहिलं नाव सुचतं ते बहुधा बाहेरचं. पिकतं तिथं विकत नाही, असं म्हणून विषय मिटवता आला असता. पण ही म्हण नेमकी मावळातच टिकत नाही. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, आंबेमोहोराच्या वंशातला. तो इथंच पिकतो आणि इथंच विकला जातो. लोणावळ्यात तर म्हण साफ उलटी होते. चिक्की विकते इथं, पण तिचा शेंगदाणाही इथला नाही आणि गूळही इथला नाही. 1863 साली बोरघाटातून रेल्वे गेली, गाडी थांबू लागली, थांबलेल्या माणसाला काहीतरी हातात घेऊन पुढं जायचं असतं, आणि गाव चिक्कीचं झालं. म्हणजे विकायला पिकावंच लागतं असं नाही, रस्ता मात्र लागतो. हे घाटाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक असावं. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत लांबच्या वैजयंतीचा श्रेष्ठी आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत, एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, आणि दाराचं काम केलेला सुतारही आहे. सुताराचं नाव श्रेष्ठीच्या नावाबरोबर दगडात टिकलं, याचं मला कार्ल्याच्या भव्यतेपेक्षा जास्त अप्रूप वाटतं. पण मी भरकटलो. प्रश्न लेखकाचा होता.

‘इथला’ लेखक म्हणायचं तर गो. नी. दांडेकरांचं नाव आधी येतं. तळेगाव दाभाड्यात ते राहिले. तुंग किल्ल्याच्या आसमंतातली ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी त्यांची, राजमाचीवरची ‘माचीवरला बुधा’ही त्यांचीच. मावळातल्या मुलाला आपला डोंगर पुस्तकात सापडतो तो बहुतेक याच पानांवर. पण दांडेकर जन्मले 1916 साली परतवाड्यात, विदर्भात. लहान वयात शाळा आणि घर सोडून बाहेर पडलेला, फिरत फिरत इकडं आलेला हा माणूस. मग तो इथला की रस्त्यानं आलेला? धोंडी आणि बुधा पिकले कुठं? ज्यांच्यासारख्यांवरून ही माणसं उभी राहिली त्यांनी स्वतः काही लिहिलं नाही. लिहिलं ते पाहुण्यानं, आणि फार प्रेमानं. तेव्हा बाहेरच्याला नको म्हणणं हा कृतघ्नपणा ठरेल. शिवाय शेजारच्या खेड तालुक्यातल्या पूर-कनेरसरचे कवी नामदेव ढसाळ शाळेत कुणी उघडले, तर मावळच्या मुलाला त्यांच्या कवितेतला मुंबईचा कामाठीपुराही कळायला हवा, नुसतं पूर-कनेरसर नाही. आपल्याच अंगणात कोंडलेलं वाचन हे वाचन नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे.

तरीही एक गोष्ट उरते. गाडीतून उतरणारा, शाल-श्रीफळ घेणारा, आभारप्रदर्शनानंतर निघून जाणारा तोच लेखक, असं मुलांच्या मनात पक्कं होतं. साहित्यातलं वैविध्य वाढवायचं म्हणून आज शहरी, उद्या दलित, परवा आदिवासी लेखक बोलावले, तरी हा साचा बदलत नाही. त्याला छेद देणारा पुरावा मावळाच्या शेजारीच, मुळशीत आहे. गी पॉयटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी तिथल्या डोंगरी गावांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढं राज्यभरातून त्या एक लाखाच्या वर गेल्या आणि आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर गाणारीच्या नावागावासकट वाचता-ऐकता येतात. कार्ल्याच्या सुतारासारखं इथंही नाव टिकलं. ज्या मुलांना आपण लेखक दाखवायला निघालो आहोत, त्यांच्यातल्या काहींच्या घरी लेखिका चुलीपाशी बसलेली असेल. तिला बोलवायचं का नाही?

इथं उत्तर ‘बोलवा’ असंच येईल असं वाटत होतं, पण विचार करू लागल्यावर ते अडतं. ओवी ही सभेसाठी नव्हतीच. ती पहाटेची, बायकाबायकांतली, जात्याच्या घरघरीच्या आडोशाची. सासरचा जाच, दारुडा नवरा, माहेरची ओढ, जातीचा काच, हे तिथं बोलता येत होतं कारण ऐकायला पुरुष नव्हते. तेच मुख्याध्यापक, सरपंच आणि नातवंडांसमोर माइकवर गायला लावलं, तर ती देवाच्या चार ओव्या म्हणून खाली बसेल, आणि तेच शहाणपणाचं असेल. मग शाळेत जे पोचलं ते तिचं साहित्य की त्याची सभ्य आवृत्ती? दुसरी अडचण दोन शिक्षकी शाळेची. चार वर्ग, अहवाल, पोषण आहार, परीक्षा यांत तिथल्या गुरुजींना पाहुणा कोण आणावा याचा विचार करायला वेळ कुठला? पुण्याची गाडी सोयीची असते. एक फोन केला की काम होतं. तिला नावं ठेवणं लिहिणाऱ्याला सोपं आहे. आणि एका दिवसाच्या भेटीनं कुणी वाचक होतो का, हा तर सगळ्यांत जुना आक्षेप. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. धोंडी वाचून कुणी तुंगला जाईल, ओवी ऐकून कुणी आजीला विचारेल, यापलीकडं मला काही सांगता येत नाही.

मावळातल्या एखाद्या शिक्षकाच्या हाती हे पडलं, तर पुढच्या 27 फेब्रुवारीला पाहुणा जरूर पुण्याहून आणा. पण त्याआधी एखाद्या दिवशी मोबाइलवर मुळशीची एखादी ओवी वर्गात लावा, कुणाच्या घरी अशी येते ते मुलांना विचारा, आणि कुणी हात वर केला तर त्या आजीला लगेच मंचावर बसवू नका. आधी तिला विचारा, यायचं आहे का.