चार प्लगांची साक्ष

रोग्याची जीभ पाहून वैद्य जसा पोटाचा अंदाज घेतो, तसा जुना जाणता मेस्त्री स्पार्क प्लग पाहून इंजिनाचा अंदाज घेतो, हे आम्ही ऐकून होतो. मात्र या विद्येची खरी ओळख आम्हाला झाली ती एका कडू प्रसंगातून. त्या प्रसंगात मोटारीपेक्षा आमचाच दोष अधिक होता, म्हणूनच तो सांगावासा वाटतो.

1993 साली आम्ही एक जुनी प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीला आपल्याकडे सारे फियाटच म्हणत. चार सिलिंडरचे 1089 सीसीचे इंजिन, कार्बोरेटर, आणि हाताशी चोकचा खटका. ती हौसेखातर घेतलेली नव्हती. वडिलांचे हृदय अशक्त झाले होते आणि महिन्यातून दोन वेळा त्यांना वसईहून मुंबईच्या इस्पितळात न्यावे लागे. विरार लोकलच्या गर्दीत ते शक्य नव्हते. आम्ही पडलो शाळामास्तर. सुट्टी मिळणे कठीण. त्यामुळे गाडी चालविण्याचे आणि सांभाळण्याचे काम धाकट्या भावाने आपण होऊन अंगावर घेतले.

तीन वर्षे गाडीने इमाने चाकरी केली. 1996 च्या पावसाळ्यानंतर मात्र ती चढावर आचके देऊ लागली, मेस्त्री लोकांच्या भाषेत ‘मिसिंग करू लागली’. ऑइल वारंवार कमी होई. लांब उतार उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला, की मागे निळसर धुराचा लोट उठे. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून धूर पाहिला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, “इंजिन संपले. पूर्ण खाली उतरवून बोअर करावे लागेल. चारही पिस्टन, रिंगा, सगळे नवे.” त्याने सांगितलेली रक्कम आमच्या कित्येक महिन्यांच्या पगाराएवढी होती.

मनुष्य पैशाच्या चिंतेत सापडला, की त्याला गुन्हेगार हवा असतो. आम्ही तो घरातच शोधला. भावाने वेळेवर ऑइल बदलले नसावे, कुठले तरी सुटे, स्वस्त ऑइल भरले असावे, असे आम्ही आईवडिलांदेखत बोलून गेलो. तो इतकेच म्हणाला, “दादा, तू पाहिलंस का?” आणि गाडीची किल्ली टेबलावर ठेवून निघून गेला. पुढचे दोन महिने त्याने त्या गाडीला हात लावला नाही. वडील रिक्षाने स्टेशनवर आणि तेथून दुपारच्या गाडीने इस्पितळात जाऊ लागले. बरोबर तोच जाई. पण आमच्याशी बोलत नसे.

शेवटी एका सहशिक्षकाच्या सांगण्यावरून आम्ही नाक्यावरच्या एका वृद्ध मेस्त्रीकडे गेलो. जाण्यापूर्वी गाडी नीट चालावी म्हणून आम्ही स्वतः चारही प्लग काढून पॉलिश पेपरने घासून लख्ख केले होते, आणि ते त्यांना मोठ्या अभिमानाने सांगितले. मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. “सर, मुलाने उत्तरपत्रिका पुसून तुमच्यापुढे ठेवली, तर तुम्ही मार्क कसे देणार? दोन दिवस गाडी चालवा. येताना महामार्गाने भार देऊन या, आणि दारात आल्याबरोबर इंजिन बंद करा. नुसती उभी ठेवून चालू ठेवू नका; त्याने प्लगवर काजळी धरते आणि खोटी साक्ष मिळते.”

दोन दिवसांनी आम्ही तसेच केले. मेस्त्रींनी इंजिन थोडे निवू दिले, प्लग काढले आणि रेडिएटरकडून एक, दोन, तीन, चार अशा क्रमाने जुन्या वर्तमानपत्रावर मांडले. “क्रम मोडला, तर कोण कुठून आला ते कळायचे नाही,” ते म्हणाले. मग एकेक रंग ते आम्हाला समजावून सांगू लागले.

इन्सुलेटरचे टोक फिक्या तपकिरी किंवा राखाडी रंगाचे असेल, तर त्या सिलिंडरात सारे ठीक चालले आहे. हाताला लागणारी कोरडी काळी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी होते आहे: चोक अडकला असेल, एअर फिल्टर तुंबला असेल, किंवा ठिणगीच दुबळी असेल. टोक पांढरेफटक आणि फोड आल्यासारखे दिसले, तर प्लग वाजवीपेक्षा तापतो आहे: मिश्रणात पेट्रोल कमी पडते, टायमिंग पुढे गेले आहे, किंवा प्लगच चुकीच्या प्रकारचा बसविला आहे. रेडिएटरचे पाणी गुपचूप कमी होत असेल आणि चारांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघाला, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. आत पाणी शिरून त्याची वाफ प्लग धूत असते. इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झाल्या असतील, तर बिचाऱ्या प्लगचे वय झाले, इतकेच. आणि काळा, ओला, तेलकट थर दिसला, तर ऑइल जळते आहे.

आमचे पहिला, दुसरा आणि चौथा प्लग फिके तपकिरी होते. तिसरा मात्र काळा, ओला आणि तेलाने माखलेला.

“आता सांगा सर, इंजिन संपले असते किंवा ऑइलच वाईट असते, तर एकट्या तिसऱ्याला शिक्षा का? ऑइल तर चौघांना एकच मिळते.”

एवढ्यावरही त्यांनी निकाल दिला नाही. तिसरा प्लग पुसून त्यांनी पहिल्या जागी लावला, पहिला तिसऱ्या जागी, आणि आम्हाला पुन्हा एक फेरी मारून यावयास सांगितले. दोष प्लगाबरोबर जातो की जागेवरच राहतो, हे त्यांना पाहावयाचे होते. परत आलो तेव्हा जो चांगला प्लग तिसऱ्या जागी गेला होता, तोच आता ओला होऊ लागला होता. म्हणजे प्लग निर्दोष. दोष त्या जागेचा.

मग कॉम्प्रेशन गेज आले. चारही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखाच भरला. रिंगा झिजल्या असत्या तर तिसऱ्याचा दाब बहुधा कमी निघाला असता, आणि चमचाभर ऑइल आत सोडल्यावर तो वाढला असता. येथे तसे काही नव्हते. तेव्हा ऑइल खालून नव्हे, वरून उतरत होते: तिसऱ्या सिलिंडराच्या व्हॉल्व्हचा गाइड झिजला होता. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की आत ओढ वाढते, त्या ओढीने ऑइल गाइडमधून खाली येते, आणि पुन्हा गाडी रेटताच ते जळून निळा धूर निघतो. इंजिन उतरविण्याची गरज नव्हती. हेड काढून काम भागले. खर्च गॅरेजवाल्याच्या आकड्यासमोर किरकोळ आला.

या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. 2000 सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि प्लगवरचे रंग पूर्वीपेक्षा पुसट झाले. कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. आता गाडीला संगणक जोडून दोष वाचतात. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. विजेच्या गाडीत तर प्लगच नसतो. तरीही पेट्रोलची गाडी अडली, की शहाणा कारागीर आजही प्लग काढून क्रमाने मांडतो. संगणक फार तर सांगतो, तिसऱ्यात ठिणगी चुकते आहे. ती का चुकते, ते मात्र प्लगच्या तोंडावर लिहिलेले असते.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या संध्याकाळी आम्ही तो तिसरा प्लग कागदात गुंडाळून भावासमोर ठेवला. मेस्त्रींनी सांगितलेले सारे त्याला सांगितले, आणि आईवडिलांदेखतच म्हणालो, “चूक आमची झाली. न पाहता बोललो.” त्याने प्लग हातात घेऊन उजेडाकडे धरला, थोडा वेळ न्याहाळला आणि परत दिला. बोलला काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांची इस्पितळाची तारीख होती. पहाटे अंगणात आवाज आला म्हणून आम्ही खिडकीतून पाहिले. किल्ली टेबलावर नव्हती. भावाने गाडीचे बॉनेट उघडले होते. ऑइलची पट्टी काढून त्याने फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, बाहेर काढून उजेडात पाहिली, आणि मगच बॉनेट लावून वडिलांना हात दिला.

आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “तीन वर्षे तो असाच बघून निघतो. तू तेव्हा झोपलेला असतोस.”