नीरेकाठची माती आणि मजुराचा वाटा

बारामतीहून फलटणकडे निघाले की नीरेच्या काठी सांगवी लागते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब तिथे मावशींकडे गेलो होतो. दुपारी मुले नदीकडे गेली आणि खापराचे तुकडे व एक हिरवट तांब्याचा तुकडा घेऊन परतली.

शेजारचे दादा म्हणाले, "तिथं गुप्तधन असणार. धातू शोधायचं मशीन आणून बघू."

मावशी घाबरल्या. "सापडलं तर पोलीस आधी आपल्याच दारात येतील!"

आम्ही दोघांनाही सोनगावची गोष्ट सांगितली. सांगवीच्या खालच्या अंगाला, कऱ्हा-नीरेच्या संगमावर हे गाव आहे. १९६० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केले आणि तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. अभ्यासक चौकोन आखून एकेक थर उतरवतात. कोणती वस्तू किती खोल, कशाशेजारी होती याची नोंद करतात, फोटो काढतात, मगच ती उचलतात. मातीतली जागा हीच वस्तूची जन्मतारीख असते.

ती जागा हरवली की काय होते, हे दायमाबादला दिसले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना झाडाचे मूळ खणताना ब्राँझची चार शिल्पे सापडली : रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून वजन साठ किलोंच्या वर! पण थराची नोंद नसल्याने त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत अजून वाद आहे. नकळत खणणाऱ्याला दोष कसा द्यावा? मशीन फिरवून मुद्दाम खणणाऱ्याचे मात्र तसे नाही. इंग्लंडमध्ये मालकाच्या परवानगीने हा छंद करता येतो. तिथेही जबाबदार माणूस नांगरटीच्या खाली जात नाही आणि सापडलेले अभ्यासकांना कळवतो. आपल्याकडे उत्खननाला अभ्यासकांनाही सरकारी परवानगी लागते.

मावशींच्या भीतीवर उत्तर १८७८ च्या निखात निधी कायद्यात आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो आणि वाटाही जातो. कळवले, जुना मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जमीनमालकाचा! सरकारने वस्तू घेतली तर मोबदला द्यावा लागतो. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या आपल्या माणसांना हे कोणी सांगत नाही.

मुलांनी जागेचा नकाशा वहीत काढला. तुकडा न घासता, न धुता कागदात गुंडाळला. मावशींनी जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून घेतला. निघताना आम्ही एवढेच बजावले : अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.