वऱ्हाडीतील अर्धा ‘र’ आणि संगणकाचा पदच्छेद

आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी बोलीचा जो शब्दसंग्रह आम्ही काही वर्षांपासून सिद्ध करीत आहोत, तो एक्सएमएल या पद्धतीने साठविलेला आहे. हे नाव अनेक वाचकांस अपरिचित वाटेल. परंतु आपण संगणकावर अर्ज लिहून जतन करतो, ती वर्डची आजची फाईलदेखील आतून एक्सएमएल फाईलींचे बांधलेले एक गाठोडेच असते. या पद्धतीत मजकुराच्या प्रत्येक तुकड्यास एक उघडणारी व एक मिटणारी खूण असते, जसे <शब्द>पऱ्हाटी</शब्द>. खुणांची नावे रोमन लिपीतच असावीत असा नियम नाही. १० फेब्रुवारी १९९८ रोजी हे मानक प्रसिद्ध झाले, तेव्हापासून देवनागरी नावांस त्यात जागा आहे. आमचे संग्राहक जैनथ, बेला, बोथ या बाजूंचे, तसेच सीमेपलीकडील किनवट व राजुऱ्याकडचे. त्यांना ‘अर्थ’, ‘गाव’, ‘सांगणारा’, ‘पाठभेद’ या खुणा सांगाव्या लागत नाहीत. म्हणून नावे मराठीच ठेवावयाची, हे आम्ही आरंभीच ठरविले आणि त्यावर अद्याप ठाम आहोत.

अशी फाईल उघडून तिचे घटक वेगळे करणे, यास प्रोग्रामिंगमध्ये पार्सिंग म्हणतात. घटक पुन्हा जोडून सलग मजकूर लिहिणे, यास सीरियलायझेशन. दोन्ही कामे तयार लायब्रऱ्या करतात. आमच्या परंपरेत या दोन क्रियांना फार जुने शब्द आहेत. वेदपाठकांनी संहितेचा पदपाठ केला व पदांवरून पुन्हा संहिता म्हटली; पदच्छेद आणि संहितीकरण हे शब्द आम्ही येथे त्याच अर्थाने योजीत आहोत. त्या पाठकांची कसोटीही येथे जशीच्या तशी लागू पडते: पदे केली, पुन्हा जोडली, तर एक मात्राही इकडची तिकडे होता कामा नये.

मात्रा इकडची तिकडे झाली ती प्रथम एका खुणेच्या नावात. शब्द कोणत्या बोलीतील आहे हे दाखविण्यासाठी <वऱ्हाडी>, <तेलुगू>, <उर्दू>, <गोंडी> अशा खुणा आहेत. पैनगंगेच्या एका तीरावर आरंभलेली व दुसऱ्या तीरावर पुरी झालेली एक फाईल आली आणि पदच्छेद करणारी लायब्ररी अडून बसली: उघडणारी खूण व मिटणारी खूण जुळत नाही. पडद्यावर पाहावे तर दोहोंकडे ‘वऱ्हाडी’ हाच शब्द, एका रेघेचाही फरक नाही. छापून पाहिले, तरी नाही.

फरक होता तो संकेतांकांत. मराठीतील हा आडव्या रेघेचा अर्धा र यूनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. पहिला मार्ग म्हणजे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, संकेतांक ०९३१, आणि त्यापुढे हलन्त चिन्ह. दुसरा मार्ग म्हणजे साधा ‘र’, त्यापुढे हलन्त चिन्ह आणि त्यापुढे शून्यरुंदीचा एक अदृश्य जोडक. काही कळफलक पहिला मार्ग घेतात, काही दुसरा. डोळ्यांस दोन्ही सारखेच. परंतु एक्सएमएल नावांची तुलना रूपाने करीत नाही, संकेतांकांच्या क्रमाने करते, आणि तसे मानकातच स्पष्ट नमूद आहे. त्यातच, जुन्या आवृत्तीचे नियम पाळणाऱ्या लायब्रऱ्या अदृश्य जोडक नावात मुळी चालवून घेत नाहीत. २००८ च्या पाचव्या आवृत्तीने त्यास परवानगी दिली. म्हणजे जोडक वापरून लिहिलेली ‘वऱ्हाडी’ ही खूण नव्या लायब्ररीत चालेल, जुनीत चालणार नाही, आणि ‘ऱ’ने लिहिलेल्या खुणेशी मात्र दोन्हींत जुळणार नाही. (जाता जाता, ‘लायब्रऱ्या’ या अनेकवचनातही तोच अर्धा र येऊन बसला आहे. मराठीत आलेला परका शब्द मराठीचे व्याकरण असे निमूट स्वीकारतो.)

या अक्षराची कुळकथा सीमेवरील वाचकांस विशेष रुचावी. यूनिकोडच्या तक्त्यात ‘ऱ’ची जी नोंद आहे, ती सांगते की हे अक्षर द्राविडी भाषांतील एक विशिष्ट र देवनागरीत लिहिण्यासाठी आहे, त्याचे अर्धे रूप मराठीस उपयोगी पडते, ही गोष्ट त्यानंतरची. देवनागरीच्या तक्त्यात ज्या घरात ‘ऱ’ आहे, तेलुगूच्या तक्त्यात नेमक्या त्याच घरात त्याचा जोडीदार आहे. कारण भारतीय लिप्यांचे हे तक्ते एकाच मूळ आराखड्यावर बेतलेले आहेत. तेलुगूत त्या अक्षरास ‘बंडी ऱ’ म्हणतात. आज ते फारसे वापरात नाही. बंडी म्हणजे बैलगाडी, हे यवतमाळ-चंद्रपूरच्या मराठी शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको! वऱ्हाडीचे नाव लिहिण्यास लागणारे अक्षर असे शेजारणीच्या अंगणातून आलेले आहे.

आता यावर उपाय. सर्व मजकुरात ‘र, हलन्त, जोडक’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ हा क्रम घालावा, आणि नंतर यूनिकोडचे एनएफसी नावाचे प्रमाणीकरण चालवावे. प्रमाणीकरण एकटे पुरत नाही. ‘ऱ’चे ‘र अधिक नुक्ता’ असे जे विघटित रूप काही संगणकांतून येते, ते त्याने पुन्हा ‘ऱ’ होते. जोडकाच्या रूपास मात्र ते हातही लावीत नाही, कारण त्याच्या लेखी ते दोन भिन्न शब्द आहेत. हा क्रम उलटा करून आधी ‘अदृश्य वर्ण काढून टाका’ असे म्हटले तर काय होते, ते पुढे येईलच.

‘ॲ’ची गोष्ट याहून थोडी मजेची. संग्रहाचे अक्षरवार विभाग पाडताना खुणांची नावेही <अ>, <आ>, <इ> अशी साधी होती. एका जुन्या लायब्ररीने सर्व विभाग स्वीकारले, केवळ ‘ॲ’चा नाकारला. एक्सएमएलच्या पहिल्या चार आवृत्त्यांत नावात चालणाऱ्या वर्णांची यादी यूनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीनुसार गोठविलेली होती, आणि ‘ॲ’ हे एकसंध अक्षर यूनिकोडमध्ये आले ते एप्रिल २००८ मध्ये. यादी सैल करणारी पाचवी आवृत्ती त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला आली. महाराष्ट्र शासनाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना वर्णमालेत जागा दिली ती ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने. मराठी माणूस हा स्वर त्याआधी कित्येक पिढ्या उच्चारीत होता. तीन दप्तरांत त्याची नोंद व्हावयास मात्र दीड-दोन वर्षांचे हे एकच कोंडाळे लाभले. आम्ही विभागांची रचना बदलून <विभाग अक्षर="ॲ"> अशी केली. नावावर जे निर्बंध आहेत ते अवतरणचिन्हांतील मूल्यावर नाहीत. ‘ॲ’ नावातून मूल्यात गेला आणि जुनी लायब्ररीही मुकाट चालू लागली.

संहितीकरणाच्या बाजूची तक्रार बहुतेकांच्या वाट्यास एकदा तरी येते. फाईल नीट वाचली, एक शब्द सुधारला, पुन्हा लिहिली, आणि उघडून पाहिली तर ‘मराठी’च्या जागी &#2350;&#2352;&#2366;&#2336;&#2368; असे काही दिसते. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. वास्तविक काही बिघडलेले नसते. पायथन भाषेतील एलिमेंटट्री ही लायब्ररी, वेगळे सांगितले नाही तर, रोमन लिपीच्या मूळ वर्णसंचातच मजकूर लिहिते. त्या संचात न बसणाऱ्या वर्णांचे संकेतांक ती अशा आकड्यांनी देते. पुढच्या पदच्छेदात ‘म’ पुन्हा ‘म’च होतो. तरीही आमचे मत असे की ज्या फाईलीत माणसांना हाताने भर घालावयाची आहे, ती अशी ठेवू नये. यूटीएफ-८ मध्ये ‘मराठी’ हा शब्द १५ बाइटांत बसतो, आकड्यांत ३५ लागतात. पण खरे कारण बाइटांचे नाही, डोळ्यांचे आहे. बेल्याच्या शेतकऱ्यास आपली ‘पऱ्हाटी’ दिसली पाहिजे. लिहिताना यूटीएफ-८ मागावे, एवढेच. आणि हे आकडे इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. तेथे २३५० असे देवनागरी अंक चालत नाहीत, हा नियम आमच्यासारख्या अंकाभिमान्यांनीही मुकाट्याने पाळावा. धोका आहे तो दुहेरी संहितीकरणाचा: आकड्यांपूर्वीच्या त्या ‘आणि’च्या चिन्हाचेच पुन्हा संकेतीकरण झाले, तर वाचकाच्या पडद्यावर अक्षराऐवजी आकडेच राहतात. तसे दिसल्यास एकदा अधिक उकलावे. शोध-बदल करीत बसू नये.

फाईल यूटीएफ-८ मध्ये असून जुन्या पाश्चात्त्य वर्णसंचाने वाचली गेली, तर निराळाच कचरा दिसतो. त्यात एक खूण फार उपयोगाची आहे. मराठी मजकुराच्या कचऱ्यात ¤ आणि ¥ ही चिन्हे सतत येतात, तेलुगूच्या कचऱ्यात ° आणि ±. कारण देवनागरी व तेलुगू अक्षरांचा पहिला बाइट एकच, दुसरा वेगळा. ज्या फाईलीत मराठी शब्दाशेजारी तेलुगू प्रतिशब्द आहेत, तेथे कोणता स्तंभ बिघडला आहे हे एकही अक्षर न वाचता कळते.

गोंडीसाठी या जिल्ह्याने जगास एक लिपी दिली आहे. नारनूर मंडलातील गुंजाळा गावी सापडलेल्या हस्तलिखितांवरून तिचे नाव गुंजाळा गोंडी पडले, आणि २०१८ साली यूनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत ती आली. तिचे संकेतांक पासष्ट हजारांच्या पलीकडचे आहेत, आणि जी लायब्ररी अशा वर्णाचे आतून दोन अर्ध करून ठेवते ती लिहिताना कधी ते अर्धच बाहेर टाकते. तिच्या ‘अ’साठी &#73056; असे यावयास हवे; &#55303;&#56672; असे जोडीने आले, तर ती फाईल सुघटित एक्सएमएल नव्हेच आणि कोणतीही नेकीची लायब्ररी ती नाकारील. आपल्या लायब्ररीची परीक्षा घ्यावयाची तर मराठी शब्दाने न घेता गुंजाळा गोंडीच्या एका अक्षराने घ्यावी. ते अक्षर सुखरूप परत आले, तर या वळणावर आपल्या अक्षरांस भय नाही.

नाकारली गेलेली फाईल आम्हांस कधीच फारशी दुःखद वाटली नाही. लायब्ररी ओळ व स्थान सांगते, तेथे जाऊन पाहता येते. (स्थान काही लायब्रऱ्या बाइटांत मोजतात, काही वर्णांत, देवनागरीत त्यामुळे बोट तिप्पट पुढे पडू शकते.) दुःखद ती फाईल, जी बिनतक्रार स्वीकारली जाते. संग्रहाचा एक हिस्सा आमच्याकडे येण्यापूर्वी एका मोफत साधनातून ‘स्वच्छ’ होऊन आला होता. त्या साधनाने सर्व अदृश्य वर्ण निरुपयोगी समजून काढून टाकले. एक्सएमएलच्या दृष्टीने फाईल निर्दोष राहिली. मराठीच्या दृष्टीने प्रत्येक जोडकयुक्त अर्धा र रफार झाला. पऱ्हाटीची ‘पर्हाटी’ झाली, कुऱ्हाडीची ‘कुर्हाड’, आणि दऱ्यांचा ‘दर्या’. आदिलाबादेत दर्या कोठून यावयाचा?

हे यंत्राने उलटविता येत नाही. रफाराखाली ‘ह’ दिसला की ‘ऱ्ह’ करा, असे म्हणावे तर ‘अर्हता’ आडवी येते; ‘य’साठी तसे म्हणावे तर सूर्य, कार्य, पर्याय सगळेच बिघडतात. म्हणून शेकडो नोंदी एकेक करून वाचल्या. बहुतेक शब्द स्वतःच आपले रूप सांगत होते. काहींसाठी वह्या होत्या, काहींसाठी फोन करून विचारता आले.

एक वाक्य मात्र अडले. पैनगंगाकाठच्या एका वृद्ध आजींनी सांगितलेले, नातवाने मोबाईलवर लिहून पाठविलेले: ‘लगनात आचार्याला आधी बोलवाव.’ आता हा आचार्य, म्हणजे विधी सांगणारा, की आचारी, म्हणजे स्वयंपाक करणारा? आचारी असल्यास मूळ रूप ‘आचाऱ्याला’. लग्नात दोघेही लागतात, आणि आधी कोणास बोलवावे यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आजी आता नाहीत. वहीत नोंद नाही, आणि मूळ संदेश नातवाच्या जुन्या फोनबरोबर गेला. नातू म्हणतो, आचारीच असावा. त्याची आई म्हणते, सासूबाई मुहूर्ताच्या फार काटेकोर होत्या.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जो पाठ निश्चित नाही त्याखाली नागमोडी रेघ छापली आहे. एक्सएमएलमध्ये रेघ नाही, खूण आहे. संग्रहात त्या वाक्याभोवती <पाठभेद> घालून दोन्ही रूपे ठेवली आहेत, ‘ऱ’ स्वतंत्र संकेतांकाने लिहून.