सस्क्वेहॅनाच्या काठी, वसंत सरताना

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडील अनेक ज्येष्ठ मंडळी अमेरिकेतील मुलांकडे जायला निघतात. पहिले पंधरा दिवस नातवंडांच्या कोडकौतुकात जातात. पुढे मात्र मुले कामाला आणि नातवंडे शाळेत गेली, की दुपार अंगावर येऊ लागते. ओळखीचा रस्ता नाही, कट्टा नाही, दार वाजवणारे कोणी नाही. 'बाबा, विश्रांती घ्या' असे मुले प्रेमाने सांगतात; पण काम नसलेल्या माणसाला विश्रांतीही गोड लागत नाही. अशा दुपारींवर एक जुना आणि साधा उतारा मला पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका नदीच्या काठी भेटला.

त्या नदीचे नाव सस्क्वेहॅना. न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन येथील ऑट्सेगो सरोवरातून ती निघते आणि सुमारे 715 किलोमीटर वाहून चेसापीक उपसागराला मिळते. राज्याची राजधानी हॅरिसबर्ग येथे तिचे पात्र दीड किलोमीटरच्या आसपास रुंद होते. रुंदी एवढी असली, तरी खोली मात्र बेताचीच. उन्हाळ्यात पाणी उतरले की कातळाच्या आडव्या रांगा वर डोकावतात आणि त्यांच्यामधून पाणी खळाळत जाते. शहराच्या बाजूला काँक्रीटच्या लांबच लांब पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. वाईचा किंवा नाशिकचा घाट पाहिलेल्या माणसाला त्या पाहताच घरची आठवण यावी. मध्ये बेटे आहेत. त्यांपैकी वेड आयलंड या बेटावर वसंतात पांढऱ्या बगळ्यांची मोठी वीण होते. उत्तरेला 1902 साली पुरा झालेला रॉकव्हिलचा दगडी रेल्वेपूल आहे. त्याच्या 48 कमानींवरून आजही मालगाड्या जातात.

पाण्याखालचा राखणदार

या नदीचा मानकरी मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास. तांबूस-कांस्य रंगाचा, अंगावर उभे पट्टे असलेला आणि गळाला लागताच पाण्याबाहेर उसळी घेणारा. त्याला खळाळते, स्वच्छ, खडकाळ पाणी मानवते. दगडांच्या फटींतील नांगीवाले झिंगे, लहान मासे आणि पाणकिडे हे त्याचे अन्न. धारेच्या मध्ये तो सहसा राहत नाही. मोठ्या दगडाच्या आडोशाला, वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना भेटते तिथे तो थांबतो आणि धारेबरोबर वाहत येणारे भक्ष्य टिपतो.

वसंत सरू लागला आणि पाणी सुमारे पंधरा-सोळा अंश सेल्सिअसपर्यंत तापले, की बासची वीण सुरू होते. नर शेपटीने वाळू-गोटे झाडून तळाशी थाळीएवढे किंवा त्याहून मोठे घरटे करतो. मादी तिथे अंडी घालून निघून जाते. मग राखण नराकडे येते. शेपटी व कल्ल्यांजवळचे पर हलवून तो अंड्यांवरून ताजे पाणी खेळवतो, जवळ येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर धावून जातो आणि या काळात स्वतः फारच थोडे खातो. अंडी फुटल्यावरही पिल्ले पांगेपर्यंत तो जागा सोडत नाही. त्याला तिथून उचलले, तर टपून बसलेले इतर मासे काही मिनिटांत घरटे रिकामे करतात.

म्हणूनच या राज्यात एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत गळाला लागलेला बास ठेवून घेता येत नाही. तो तत्काळ सोडावा लागतो. स्पष्ट दिसणाऱ्या घरट्यावर पुन्हापुन्हा गळ टाकण्यासही मनाई आहे. सस्क्वेहॅनाच्या मधल्या पट्ट्यात ही काळजी अधिकच महत्त्वाची ठरली. 2005 पासून तिथल्या कोवळ्या बासमध्ये रोग आणि मृत्यू आढळू लागले, आणि पुढे तिथे पकडलेला बास पाण्यात परत सोडण्याचा नियम आला. मासा न खाणाऱ्या आपल्या वाचकांनाही या काठावर म्हणूनच परके वाटू नये. इथे बरेचसे लोक मासा घरी नेण्यासाठी येतच नाहीत. मात्र सोडून दिलेल्या माशालाही इजा होऊ शकते. बिनकाट्याचा गळ वापरणे, हात ओले करूनच मासा धरणे आणि शक्यतो तो पाण्यातच ठेवून मोकळा करणे हे जाणते लोक पाळतात.

बसण्याचे निमित्त

नुसते नदीकाठी बसायला सांगितले, तर वृद्ध माणूस दहा मिनिटांत उठतो. हातात काठी असली की तोच माणूस दोन तास रमतो. दोरा कुठे टाकायचा, धार किती आहे, ओढ लागली ती दगडाची की माशाची, या विचारांत मन गुंतते. डोळे दूरवर पाहतात, बोटे दोऱ्यावर असतात, मनगट फिरते. एकटेपण राहते, पण त्याची बोच कमी होते. शेजारचा अनोळखी माणूस 'काही लागले का?' एवढे विचारतो, आणि भाषा अडखळली तरी संवाद होतो.

एका मे महिन्यात मी तिथे एक वृद्ध जोडपे पाहिले होते. आजोबांचे स्मरण ढळले होते. बाईंनी खुर्ची मांडली, दोरा ओवला आणि गळ त्यांच्या हातात दिला. त्यांनी गाठ मात्र मारली नाही. आजोबा बराच वेळ गळाकडे पाहत राहिले. मग बोटांनी आपणहून दोऱ्याला पीळ दिला, टोक फासातून ओवले, ओठांनी ओले केले आणि गाठ आवळली. 'त्यांना माझे नाव रोज आठवत नाही,' त्या मला हळूच म्हणाल्या, 'पण ही गाठ अजून त्यांची आहे. ती मी कशाला घेऊ?'

स्मृतिभ्रंशात घटना आणि नावे आधी पुसली जातात. हातांना जडलेली जुनी कौशल्ये तुलनेने उशिरापर्यंत टिकू शकतात. वैद्यकशास्त्र जे सांगते, ते त्या बाई अनुभवाने जाणून होत्या. शुश्रूषा करणाऱ्याला सगळे स्वतः करणे सोपे वाटते, कारण त्यात वेळ वाचतो. पण रुग्णाला जेवढे जमते, तेवढे त्याच्या हाती राहू देणे हीदेखील शुश्रूषाच आहे. आपल्या घरी ती गाठ गळाची नसेल. वाती वळण्याची, शेंगा सोलण्याची किंवा धोतराच्या निऱ्यांची असेल.

काठावर जाताना

सोळा वर्षांवरील प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो; पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचे परवाने मिळतात. 'मेमोरियल डे'च्या आदल्या दिवशी, म्हणजे मेअखेरच्या रविवारी, आणि 4 जुलैला परवान्याशिवाय गळ टाकण्याची मुभा असते. हौस आहे की नाही हे पाहायला ते दिवस उत्तम. त्या वर्षीचे नियम मात्र आधी पाहून घ्यावेत.

ज्येष्ठांनी पाण्यात उतरू नये. मे महिन्यात हवा उबदार वाटली तरी पाणी गारच असते, आणि शेवाळलेल्या दगडावर पाय घसरायला क्षण पुरतो. पायऱ्या ओल्या असतील, तर सपाट काठावर खुर्ची मांडावी. सिटी आयलंड या बेटावर गाडी थेट जाते, त्यामुळे चालणे कमी पडते. शहराखालचा डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा वरून निरुपद्रवी दिसतो; पण त्याच्या पायथ्याचे पाणी माणसाला गरगरवून आत ओढते. त्याच्या जवळ जाऊ नये.

मधुमेहींनी बंद बूट घालावेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी गळ काढण्याचे काम सोबत्याकडे द्यावे. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे चालू असतील, तर उन्हात किती वेळ बसावे आणि पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना आधीच विचारावे. गवतातून आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यांमागची बाजू आणि केसांची मुळे तपासावीत. मे ते जुलै या काळात तिथल्या बारीक गोचिडी चावतात आणि त्यांतून लाइम आजार होऊ शकतो. गोचीड दिसल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी. पुढील महिनाभरात लाल चट्टा पसरला किंवा ताप आला, तर विलंब न करता डॉक्टरांना दाखवावे.

जूनच्या अखेरीस बासची पिल्ले पांगतात आणि राखणदार पुन्हा खळाळत्या पाण्याकडे वळतो. संध्याकाळ रेंगाळते, काठच्या गवतात काजवे चमकू लागतात. आई-वडिलांना तिथे नेणाऱ्या मुलांनी त्या वेळी शेजारी बसावे, फोन खिशात ठेवावा आणि काठी त्यांच्याच हातात राहू द्यावी.