हरळी आणि दूर्वा

गवतावर चालू नये, अशी पाटी ज्याने पहिल्यांदा लावली तो गृहस्थ कोण असेल, याचे मला पुष्कळदा कुतूहल वाटते. तो स्वभावाने वाईट असेल असे नाही. परंतु त्याने गवत कधी नीट पाहिले नसावे, एवढे नक्की. रोपाचा शेंडा खुडला की त्याची वाढ खोळंबते, कारण ती शेंड्यात असते. गवताचे तसे नाही. त्याचा वाढीचा डोळा जमिनीलगत, पात्यांच्या गुंडाळीत दडलेला असतो. वरून गाय चरून जावो, विळा फिरो, नाही तर पोरांचा डाव रंगो; खालचा डोळा शाबूत राहतो आणि पाते पुन्हा वर येते. जनावरांच्या खुरांखाली आणि दातांखाली युगे काढून त्याने ही विद्या साधली आहे. तुडवून घेण्याची एवढी तयारी करून आलेल्या गवतालाच आपण पाटी लावून जपतो, ही मोठी गंमत आहे.

पुण्यात मी ज्या वसाहतीत राहतो तिथेही अशी पाटी होती. चार इमारतींच्या मधोमध चौकोनी हिरवळ, तिच्या कडेला दोन बाके आणि मध्ये ती पाटी. हे गवत टेंपोतून आले होते. शहाबादी फरशा उतरवाव्यात तसे मातीसकट कापलेले त्याचे चौकोन हमालांनी उतरवले आणि एका दुपारात अंगण हिरवे झाले. माळी त्याला 'कोरियन कार्पेट' म्हणत. त्याच्या कुळाचे शास्त्रीय नाव झॉयसिया. आजच्या स्लोव्हेनियात अठराव्या शतकात होऊन गेलेल्या कार्ल फॉन झॉइस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ते पडले. गवत दिसायला सुरेख. बारीक, दाट, उशीसारखे फुगीर. चाल मात्र गोगलगाईची. मध्ये एखादी जागा उघडी पडली की ती भरून यायला महिनेच्या महिने लागत. त्याला रोज पाणी हवे, आणि उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी टँकरने येते. शिवाय एक माळी दिवसचे दिवस उकिडवा बसून त्यातले तण वेचत असे. त्या तणाचे नाव हरळी. म्हणजे पैसे देऊन आणलेले गवत टिकावे म्हणून फुकट आलेले गवत पैसे देऊन काढायचे, असा तो व्यवहार होता.

हरळीला आपल्याकडे दोन नावे आहेत आणि दोन नावांच्या दोन जाती असल्यासारखी आपण तिला वागवतो. ताम्हनात गेली की ती दूर्वा, वावरात आली की ती हरळी. अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या पोटात आग पडली आणि ऋषींनी वाहिलेल्या दूर्वांनी ती शमली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. म्हणून तर एकवीस दूर्वांची जुडी. पण ही वनस्पती याहूनही जुन्या मानाची. यजुर्वेदातल्या अग्निचयनाच्या विधीत दूर्वांचीच एक वीट मानतात. ती ठेवतानाच्या मंत्रात दूर्वा कशी वाढते ते सांगितले आहे: कांड्याकांड्यातून, पेरापेरातून. आणि वंशविस्तार मागायचा तोही तिच्याच रीतीने. तो मंत्र रचणारा ऋषी नुसता यज्ञशाळेत बसणारा नव्हता, त्याने कधीतरी स्वतःच्या हाताने हरळी उपटली असली पाहिजे, असे मला राहून राहून वाटते. त्याशिवाय पेरापेराची गोष्ट कुणाच्या ध्यानात यायची नाही.

युरोपात लिनियसने १७५३ साली तिचे नाव 'डॅक्टिलॉन' ठेवले, म्हणजे बोट. तिच्या तुऱ्याला हाताची बोटे फाकल्यासारखे तीन-चार-पाच फाटे असतात. पुढे तिच्या कुळाला 'सायनोडॉन' म्हणू लागले, म्हणजे कुत्र्याचा दात. या दाताची ओळख मला शास्त्राच्या पुस्तकाआधी पायाच्या तळव्याने झाली.

आमची चार एकर काळी जमीन सोलापूर जिल्ह्यात होती. चैत्रात नांगरट झाली की आम्ही पोरे अनवाणी ढेकळांतून हिंडत काशा वेचत असू. काशा म्हणजे हरळीच्या जमिनीखालच्या कांड्या. पांढऱ्या, दोरीसारख्या, टोकाला सुईसारख्या. ते टोक ढेकळातून आरपार जाते आणि तळव्यातही शिरते. हरळी दोन वाटांनी पसरते. एक वाट जमिनीवरून, दुसरी जमिनीखालून. वरची उन्हाने करपली तर खालची जिवंत, खालची तोडली तर वरची धावतीच. नांगराने तिचे तुकडे होतात आणि ज्या तुकड्याला एक पेर आहे त्याचे नवे बेट होते. मारायला जावे तो तिची संख्या वाढते. कुळव चालू असला की दर पाच-दहा पावलांनी तिचा गुंता फासेत अडकायचा, आणि वडील बैल थांबवून तो हाताने ओढून काढायचे. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णांच्या आयुष्यातले किती तास या थांबण्यात गेले असतील, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

एवढे वैर असूनही अण्णा बांधावरच्या हरळीला हात लावू देत नसत. एकदा उत्साहाच्या भरात मी कुदळ घेऊन बांध साफ करायला लागलो तेव्हा ते वावराच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडत आले, "आरं, तिला कशाला खणतोस? बांध कुणी धरायचा मग, तू?" वळवाचे पाणी लोंढ्याने येते तेव्हा उघडा बांध विरघळतो. हरळीच्या मुळ्यांचे जाळे माती आवळून बसते. "वावरात वैरीण, बांधावर सोयरी," असे ते म्हणत. १९७२ च्या दुष्काळात कडबा संपला तेव्हा त्यांनी याच वैरिणीच्या काशा खणून, झटकून बैलांपुढे टाकल्या होत्या. त्या साली शिवारात हिरवे असे काही उरले नव्हते; जमिनीखाली पांढरे तेवढे उरले होते.

हरळी कशाला भिते हेही मला त्यांनीच सांगितले. ती लोखंडाला भीत नाही, सावलीला भिते. ज्या तुकड्यात ती फार माजे, तिथे ते दाट ताग पेरत. पुरुषभर ताग उभा राहिला की खाली उजेड पोचत नसे आणि हरळी पिवळी पडून विरळ होई. पुढे कॉलेजात गेल्यावर त्याचे कारण कळले. ऊस, ज्वारी, मका यांच्याप्रमाणेच हरळीचीही उन्हाचे अन्न करण्याची एक खास रीत आहे. हॅच आणि स्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी ती १९६६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात उसाच्या पानांवर प्रयोग करून उलगडली. या रीतीने कडक उन्हात, थोड्या पाण्यात भरघोस वाढता येते. सावलीत मात्र तिचा उपयोग होत नाही. मी हे मोठ्या ऐटीने अण्णांना सांगितले. ते म्हणाले, "बरं झालं, त्यांस्नीबी कळलं."

आईच्या आजारपणात, २००४ साली, ती चार एकर जमीन विकावी लागली. आई त्यानंतर वर्षभरच जगली आणि अण्णा माझ्याकडे पुण्याला आले. शहरात आलेल्या शेतकऱ्याचे हात फार केविलवाणे दिसतात. बाकावर बसले की ते गुडघ्यावर ठेवलेले असत, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. चार-सहा दिवसांतच ते पाटी ओलांडून हिरवळीत जाऊन बसले आणि माळ्याच्या शेजारी हरळी वेचू लागले. माळी बीडकडचा. "आबा, तुमी कशाला वाकता?" असे त्याने एक-दोनदा म्हणून पाहिले, मग त्याने एक खुरपे जास्तीचे आणायला सुरुवात केली. अण्णा नुसते वर दिसणारे पाते तोडत नसत. बोटाने माती उकरून ते काशेचा माग काढीत जात आणि शेवटचे पेर हाती आल्याखेरीज उठत नसत.

त्या वर्षी गणेशचतुर्थीला मी मंडईतून पूजेचे साहित्य आणले. दूर्वांची जुडी पाहून अण्णांनी किंमत विचारली. मी दहा रुपये म्हणालो. ते कितीतरी वेळ त्या जुडीकडे पाहत राहिले. "हरळी इकत घेतलीस व्हय?" एवढेच ते म्हणाले, पण जन्मभर ज्याच्याशी कज्जा चालला त्या माणसाची मिरवणूक निघालेली पाहावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

अमेरिकेत हा विक्रीचा व्यवहार फार मोठा आहे, हे मी त्यांना सांगितले नाही. तिथे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन या गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने सारा जन्म तिच्या संकरावर घालवला. १९६० साली तिथून 'टिफवे' नावाचे वाण बाहेर पडले आणि खेळाच्या मैदानांवर देशोदेशी गेले. त्याला बी धरत नाही. ते लावायचे तर पेरापेराचे तुकडे करूनच. अण्णा जो तुकडा मातीत राहिला म्हणून झोपेतही हळहळत, तो तिथे बियाणे म्हणून विकला जातो. पण हे ऐकून त्यांना हसू आले असते की वाईट वाटले असते, याचा मला अंदाज येईना. मी गप्प राहिलो.

दोन वर्षांनी गावच्या जत्रेला आम्ही दोघे गेलो तेव्हा त्यांनी रान पाहायचे म्हटले. मी टाळाटाळ केली, पण ते निघालेच. घेणाऱ्याने जमीन गुंतवणूक म्हणून घेतली होती. तो शहरात राहत असे आणि वावरात नांगर गेला नव्हता. चारही एकर हरळीखाली होते. दोन पावसाळ्यांत तिने तासे, सऱ्या, वाफे पुसून टाकले होते. बांध कुठे संपतो आणि वावर कुठे सुरू होते ते कळत नव्हते. अण्णांनी पायांतल्या वहाणा काढल्या. थोडे आत चालत गेले, वाकले, आणि एक लांबसा धावता वेल मुळांसकट उपटला. तो त्यांनी वितीने मोजला. मला वाटले, आता ते काहीतरी बोलतील. ते काही बोलले नाहीत. बांधावरच्या एका मोठ्या दगडापाशी गेले आणि तो वेल त्यावर मुळ्या आभाळाकडे करून पसरून ठेवला. खाली टाकला तर पुन्हा रुजेल, म्हणून. मग वहाणा घालून ते वाटेला लागले. वावर आपले राहिलेले नाही, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

अण्णा २०१६ साली गेले. माळीही काम सोडून गावी परतला. हिरवळीची निगा कमी झाली, टँकरचे बिल वाढले आणि २०२३ च्या उन्हाळ्यात वसाहतीच्या सभेत एक सूचना आली, की हे सारे उखडून प्लॅस्टिकचे गवत अंथरावे. नमुना म्हणून हातभर तुकडा टेबलावर ठेवला होता. रंग इतका हिरवा, की खऱ्या गवताने लाजावे. पाणी नको, कापणे नको, तण नाही. सगळे त्यावरून हात फिरवून पाहत होते. मी तो तुकडा उचलून बाहेर उन्हात ठेवला आणि पंधरा मिनिटांनी एकेकाला त्यावर अनवाणी उभे राहायला सांगितले. प्लॅस्टिक उन्हात किती तापते हे सांगायला मग भाषण करावे लागले नाही.

"मग करायचं काय?" अध्यक्षांनी विचारले. मी म्हणालो, "एक वर्ष काहीच करू नका. पाणी बंद करा आणि हरळी वेचू नका. येईल तिची ती." काही लोक हसले. पण ज्या सूचनेला खर्च नाही तिला सभेत सहसा विरोध होत नसतो. ती मान्य झाली.

ते दिवस कठीण गेले, हे सांगितले पाहिजे. मेअखेर अंगण तपकिरी झाले आणि जिन्यात भेटणारे लोक माझ्याकडे बघून खाकरू लागले. मृगाच्या सरी आल्या आणि आठवड्याभरात त्या तपकिरी मातीतून धावत्या वेलांच्या टोकांनी डोके वर काढले. श्रावण सरता सरता कार्पेटच्या उरल्यासुरल्या बेटांभोवती तिने कडे केले होते. उत्तरेकडच्या इमारतीखाली मात्र, जिथे दिवसभर सावली, ती आली नाही. येणार नाही हे मला ठाऊक होते. तिथे गळक्या नळाच्या ओलीला एका आजींनी ब्राह्मीचे चार वेल लावले. तीही पेरापेराला मूळ धरत पुढे सरकते; तिला सावली चालते. पोरे आता हिरवळीवर खेळतात. चेंडू जिथे सारखा आपटतो तिथे टक्कल पडते आणि सुट्टी संपली की भरून येते.

चतुर्थीच्या सकाळी खाली बायकामुलांची गर्दी असते. तीन पात्यांची कोवळी दूर्वा कुठली आणि जून कुठली, हे आजी नातवंडांना शिकवत असतात. मीही एकवीस मोजून घेतो. मग फुलांच्या वाफ्यात शिरलेली हरळी तेवढी उपटतो. तिथे तिचे काम नाही. उपटलेले वेल मी कुंपणाच्या भिंतीवर ठेवतो, मुळ्या आभाळाकडे करून. ते असे का ठेवतात, हे परवा एका मुलाने मला विचारले.