अर्ध्या मिलिमीटरची कातडी

घाटमाथ्यावर ढग सगळं रितं करतात आणि नगरपर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्याकडे द्यायला फारसं काही उरलेलं नसतं. त्यामुळे आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेकडे पाणी म्हणजे टँकर, बोअर आणि कालव्याचं आवर्तन. तिथं वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला होडी आठवते ती एकच, सिद्धटेकची. तिथं पूल नव्हता तेव्हा भीमा होडीनं ओलांडावी लागे. लाकडी होडी. तळाशी घोटाभर पाणी, आणि पत्र्याच्या डब्यानं ते उपसणारा एक मुलगा. त्या होडीला गळण्याची लाज नव्हती. कुठून पाणी येतंय हे सगळ्यांना दिसत होतं.

फायबरची बोट मी नीट पाहिली ती भंडारदऱ्याला, एका एप्रिलमध्ये. शेंडीच्या बाजूला, काठावर, दोन जुन्या टायरांवर ती पालथी घातलेली होती. 1926 साली पुरं झालेलं इथलं विल्सन धरण एरवी 11 टीएमसी पाणी पोटात धरून असतं. पण उन्हाळ्याची आवर्तनं सुटली की प्रवरा ते संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडच्या उसाला नेऊन देते आणि मागे धरणाच्या जलाशयाच्या, म्हणजे आर्थर लेकच्या, काठाचे काळे दगड उघडे पडतात. पावसाळ्यात ज्यांच्यावरून बोट बिनघोर जाते तेच दगड आता तिच्या पोटाला लागतात. म्हणून दुरुस्ती याच दिवसांत.

बोटीचे मालक साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणू लागलो. मामा बोट डोळ्यांनी तपासत नव्हते, तळव्यानं तपासत होते. कुठे हात थबकला की पेन्सिलीनं गोल काढायचा. मग अंगठ्याचं नख फिरवायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा, तो नुसत्या पॉलिशनं जातो. अडकलं तर चीर. एका जागी त्यांनी गोल काढला आणि बराच वेळ तिथंच पाहत राहिले. रुपयाएवढी चांदणी होती, मधल्या बिंदूपासून चहूकडे निघालेल्या केसासारख्या बारीक रेषा.

“हे दगडाचं न्हाय, सर,” ते म्हणाले. “हे आतून हाय.”

मागल्या महिन्यात तंबूवाल्यांचं सामान पलीकडे न्यायचं होतं. कुणीतरी लोखंडी शेगडी वरून बोटीत टाकली. आत बघितलं तर बारीकसा खळगा. घाव आत बसला होता आणि तडा बाहेर उमटला होता. टोकाचा मार आतून बसला की बाहेर अशी चांदणी उमटते, हे मला त्या दिवशी कळलं. मामांनी दहाचं नाणं घेऊन आसपास ठोकून पाहिलं. सगळीकडे टणक आवाज. कुठे भद्द आवाज आला असता तर आतले थर सुटले असं समजायचं, आणि मग काम आठवड्याचं. ते वाचलं होतं.

तडा ज्या थराला गेला होता त्याला जेलकोट म्हणतात. बोटीचा जो पांढरा, गुळगुळीत, चकाकणारा भाग आपण हातानं कुरवाळतो तो हाच. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. त्याच्या आत काचतंतूंची मॅट आणि रेझिन यांचे थरावर थर, बोटीची खरी ताकद तिथं. पण ती ताकद या अर्ध्या मिलिमीटरच्या भरवशावर असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा गोडं पाणी या बोटींत अधिक सहज मुरतं. आतल्या रेझिनमधले विरघळणारे अंश पाणी ओढून घेतात, आणि बाहेरचं पाणी जितकं निर्मळ तितकी ती ओढ मोठी. मग कालांतरानं पोटावर फोड येतात. सिद्धटेकची होडी गळायची तेव्हा दिसायची. ही मात्र मुकाट पीत राहते.

मला सगळ्यात विलक्षण वाटली ती हिच्या जन्माची रीत. आपण घर बांधतो तेव्हा आधी भिंत, मग गिलावा, शेवटी रंग. कल्हईवालाही आधी घडलेल्या भांड्यालाच नवसागर लावून कथलाचा हात देतो. लेप नेहमी शेवटी येतो. ही बोट मात्र कातडीपासून जन्माला येते. मेण घासून आरशासारख्या केलेल्या मोल्डमध्ये सगळ्यात आधी जेलकोट मारतात. तो आवळला की त्यावर मॅट, रेझिन, पुन्हा मॅट. हाडामांसाचं सगळं नंतर. मोल्डमधून ती सुटते तेव्हाच तिची कातडी पहिल्यांदा हवा बघते.

आणि दुरुस्ती नेमकी याच्या उलट दिशेनं करावी लागते. आतला खळगा मामांनी सकाळीच घासून, मॅटचे दोन तुकडे रेझिनमध्ये बसवून भरून घेतला होता. आता बाहेरची चांदणी. मला वाटलं होतं, वरून लांबी फासतील. मामांनी एक टोकदार पटाशी घेतली आणि प्रत्येक रेषा कोरायला सुरुवात केली. केसाएवढी चीर पन्हळीसारखी रुंद झाली. पाहताना माझा जीव खालीवर होत होता.

“वरून फासलं तर दिसाया चांगलं,” मामा मान वर न करता म्हणाले, “पण खाली चीर जित्तीच राहती. पुढच्या साली तिथंच उघडती.”

कडा 80 नंबरच्या पेपरनं उतरत्या केल्या, अॅसिटोननं पुसून घेतलं. मग वाटीत जेलकोट. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर, कडक उन्हात त्याहून कमी, नाहीतर वाटीतच दगड होतो. लवकर आवळावं म्हणून कोबाल्ट लागणारच असेल तर तो आधी जेलकोटमध्ये पुरता घोळवायचा, मग हार्डनर. ते दोन्ही थेट एकत्र आले तर स्फोट होतो, हे मामांनी मला तीनदा सांगितलं आणि मीही इथं मुद्दाम लिहितो आहे. रंगाचं काम त्याहून नाजूक. डब्यातला पांढरा आणि दहा उन्हाळे सोसलेला पांढरा एक नसतात. मामांनी काडीच्या टोकानं पिवळा रंग घेतला, मग त्याहून कमी करडा. बोटीवर एक थेंब लावून बघितला, पुसला, पुन्हा मिसळला. हार्डनर घालायच्या आधी हे चार वेळा झालं.

भरलेला जेलकोट आसपासच्या पृष्ठापेक्षा किंचित उंच ठेवला, कारण आवळताना तो बसतो. नंतर त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ताणून चारी बाजूंनी चिकटपट्टी. हवा लागली तर जेलकोटचा वरचा पापुद्रा चिकटच राहतो, पुरता वाळत नाही. म्हणजे कातडी पुन्हा जोडायची तर तिला मोल्डमधला तो पहिला बंद अंधार घटकाभर परत द्यावा लागतो. प्लास्टिकखाली ती पांढरी चांदणी हळूहळू गरम होत होती. मी हात ठेवून पाहिला. ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखी ऊब होती.

आम्ही जांभळीखाली थांबलो. पलीकडे रतनवाडीच्या अंगाला अमृतेश्वराचं शिलाहारकालीन देऊळ, वर रतनगडाचं नेढं. मला वज्रलेप आठवला. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. कच्ची टेंभुर्णीची फळं, कच्चं कवठ, सावरीची फुलं पाण्यात आटवायची, आठवा हिस्सा उरला की त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल घालायचा. हा लेप देवळांना, मूर्तींना, भिंतींना लावावा, तो कोटी वर्षं टिकतो, असं तिथं म्हटलंय. यातली कितीतरी झाडं अकोले तालुक्याच्या रानात उभी आहेत. रेझिन म्हणजे राळच की. दीड हजार वर्षांपूर्वी राळ झाडातून यायची, आज पिंपातून येते, पण दगडाला आणि नावेला कातडी द्यावी ही माणसाची माया तीच आहे. मी हे मामांना सांगितलं. ते ऐकून म्हणाले, “बिब्ब्याचं खरं हाय. बैलाच्या खुराला आम्ही बी लावतो.”

संध्याकाळी प्लास्टिक निघालं. मग घासणं. 220, 400, 600, शेवटी 1000, प्रत्येक पेपर पाण्यात बुडवून, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून. नुसत्या बोटांनी घासलं तर खळगा पडतो. मामा थकले तेव्हा ठोकळा माझ्या हाती आला, आणि मी तासभर तेवढ्याच वीतभर जागेवर वाकून होतो. तासाभरात मी कुठलाही दुसरा विचार केला नाही. पांढरं दुधट पाणी ओघळत होतं. रबिंग कंपाऊंड आणि मेण झालं तेव्हा काळोख पडला होता. मामांनी माझा हात धरून तळवा बोटीवर ठेवला, “शोधा.” मी फिरवला. चांदणी कुठे होती ते मला सापडलं नाही.

चौथ्या दिवशी बोट पाण्यात उतरली. आम्ही दोघेच होतो. नेढं उलटं होऊन पाण्यात पडलं होतं आणि त्याच्यावरून आम्ही सरकत गेलो. आतला तळ कोरडा होता.

भंडारदऱ्याला जाल तेव्हा एवढं करा. बोटीत चढताना सामान वरून टाकू नका. शेगडी, सिलिंडर, तंबूचे खुंटे, जे असेल ते खाली वाकून, हातानं, हळू ठेवा.