खोगिराच्या छपराखाली

कॅनडातल्या कॅलगरीचं सॅडलडोम स्टेडियम दुरूनच ओळखू येतं. काँक्रीटचं अवाढव्य छप्पर, मधोमध खोलगट आणि दोन्ही कडांना वर उचललेलं, घोड्याचं खोगीरच. 1983 साली ते उघडलं, 1988च्या हिवाळी ऑलिम्पिकमधलं आइस हॉकी इथे रंगलं. एनएचएल या व्यावसायिक आइस हॉकी लीगमधल्या कॅलगरी फ्लेम्स संघाचं हे घर, 19,000हून जास्त आसनांचं. मी मात्र गेले होते पोरांचा सामना बघायला.

कॅलगरी हिटमेन हा वेस्टर्न हॉकी लीगमधला ज्युनिअर संघ. खेळाडू साधारण सोळा ते वीस वर्षांचे. मूळ मालकांत ब्रेट हार्ट होता आणि नावही त्याच्याच ‘हिटमॅन’ या बिरुदावरून पडलं. नव्वदच्या दशकात ज्यांनी कुस्तीचे ट्रम्प कार्ड खेळले, त्यांना गुलाबी-काळ्या पोशाखातला हा पैलवान वेगळा सांगायला नको. पुढे 1997 साली संघ फ्लेम्सच्या मालकीचा झाला. म्हणून मोठ्यांच्या बर्फावर हे पोरगेले खेळाडूही उतरतात.

“मावशी, कोट काढू नकोस,” भाचा म्हणाला, आणि आम्ही आत शिरलो. मी थक्क झाले. खालच्या रांगांत कुटुंबंच्या कुटुंबं, गळ्यात मफलर घातलेले आजी-आजोबा, हातात पॉपकॉर्न घेतलेली मुलं. आणि त्यांच्या माथ्यावर, अंधारात चढत गेलेल्या रिकाम्या खुर्च्या. एवढ्या मोठ्या जागेत एवढीच माणसं! पोरांना हे उदास वाटत असेल, असं क्षणभर मनात आलं.

सामना सुरू झाला आणि तो विचार पार पुसला गेला. त्या मोकळ्या जागेमुळे सगळं ऐकू येत होतं. स्केटची पाती बर्फ कापतात त्याची करकर. गोठवलेली रबराची पक, म्हणजे चकती, फळीवर आदळते तो धाडकन आवाज. गोलरक्षक काठीने गोलच्या दोन्ही खांबांना टकटक करून आपली जागा चाचपतो, तेही. बाकावरून सोबत्याला दिलेली हाक, तिच्यातला अजून पुरता न फुटलेला आवाज. भरलेल्या स्टेडियममध्ये यातलं काहीच कानावर पडलं नसतं.

यातली बरीच मुलं घरापासून फार लांब असतात. हंगामभर ती गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे राहतात, त्यांच्याच ताटात जेवतात, शाळा सांभाळतात आणि बसने परगावी खेळायला जातात. मॅनिटोबातलं ब्रँडन इथून हजार किलोमीटरच्या पुढे! एनएचएलपर्यंत पोहोचतात ते मोजके. रायन गेट्झलाफ त्यांतला एक, तो इथेच घडला. बाकीच्यांसाठी लीगने खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या कॉलेज शिक्षणाची शिष्यवृत्ती ठेवली आहे. मला ही व्यवस्था फार मोलाची वाटते. पोराच्या हातात काठी देताना दुसऱ्या हातातलं पुस्तक काढून घेतलेलं नाही.

आणि हे स्टेडियम कायम रिकामं असतं असंही नाही. डिसेंबरमधल्या एका सामन्याला वरच्या खुर्च्याही भरतात. हिटमेनचा पहिला गोल झाला रे झाला की चहूबाजूंनी टेडी बेअर बर्फावर बरसतात. खेळ थांबतो, खेळाडू त्या ढिगाऱ्यात लोळतात, मग सगळी खेळणी गोळा करून गरजू मुलांकडे पाठवली जातात. 2018 साली 29,635 टेडी जमले.

2013च्या महापुरात याच इमारतीच्या खालच्या रांगा पाण्यात बुडाल्या होत्या. तरी ती सावरली. आता मात्र तिचे दिवस भरत आलेत. जवळच नवं स्कॉशिया प्लेस उभं राहतं आहे, ते 2027 साली उघडायचं ठरलं आहे. म्हणून कॅलगरीत कुणी आपलं माणूस असेल, तर फ्लेम्सच्या महागड्या तिकिटाआधी पोरांचा एक सामना बघून घ्या. डिसेंबरात गेलात तर एक टेडी बरोबर असू द्या, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, म्हणजे बर्फावर भिजणार नाही.